ऑइल बदललं की ड्रेन बोल्टखाली पुन्हा थेंब: जुन्या स्प्लेंडरचं दुखणं

गाडी २००३ ची हीरो होंडा स्प्लेंडर. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. ऑइल मी घरीच बदलतो, रामबागेतल्या आमच्या ओट्यावर. तक्रार अशी, की ऑइल बदललं की दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाखाली रुपयाएवढा काळा डाग. आठवड्याभरात त्याची पुरी होते. ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा इंजिनाखालचा बोल्ट) आणखी आवळला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. आई म्हणते, सगळं इंदूर २०१७ पासून लागोपाठ सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, आपला ओटा तेवढा राहिला.

एकदाच झालं असतं तर लिहायला बसलो नसतो. लागोपाठ तीन ऑइल-बदलांत झालं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. मी मात्र तिन्ही वेळा एकच औषध दिलं: पाना घेतला आणि आवळलं. तिसऱ्या वेळचं दुखणं तर त्या आवळण्यातूनच आलं.

थेंब पडतो कुठे आणि निघतो कुठून

ड्रेन बोल्ट हे इंजिनाचं सगळ्यात खालचं टोक. वर कुठेही ऑइल पाझरलं तरी ते केसिंगवरून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचावरून, ओघळत खाली येतं आणि बोल्टच्या डोक्याला लटकतं. टॅपेटच्या झाकणाची ओ-रिंग कडक झालेली असेल, उजवीकडच्या क्लच कव्हरचं पॅकिंग सुटलं असेल, डावीकडे गियर लिव्हरच्या शाफ्टचं किंवा पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील गेलं असेल, सगळ्यांचा थेंब पडणार त्याच जागी. एवढंच काय, ऑइल ओतताना नरसाळ्यातून सांडलेले चार थेंबही दोन दिवस तिथूनच टपकतात. आणि आपण बिचाऱ्या बोल्टच्या मागे लागतो.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी ही परीक्षा. इंजिन थंड असताना जुना टूथब्रश आणि वाटीभर डिझेल घेऊन खालची बाजू घासून काढा. पूर्वी रॉकेल घरात असायचं, आता डिझेलच. कोरड्या फडक्याने पुसा, अर्धा तास वाळू द्या. मग अंगाला लावायची टाल्कम पावडर हातावर घेऊन केसिंगवर, बोल्टभोवती, दोन्ही बाजूंच्या कव्हरांच्या सांध्यांवर फुंकरीने उडवा. गाडी मेन स्टँडवर, खाली कालचं वर्तमानपत्र. पेनने कागदावर दोन खुणा करा: पुढचं चाक कुठल्या बाजूला, आणि बोल्टच्या बरोब्बर खालचा बिंदू कुठला. आता इंजिन जागेवरच दहा मिनिटं चालवा, बंद करा, रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी दोन गोष्टी बघायच्या. कागदावरचा डाग खुणेवर आहे की वीतभर सरकलेला, ही एक. पावडर कुठे ओली झाली, ही दुसरी. ओली पावडर मळकट तपकिरी दिसते आणि तिची रेघ तयार होते. टॉर्च मारून ती रेघ खालून वर धरत जायचं. जिथे संपते तिथे दुखणं. पावडर पांढरीफटक आणि फक्त बोल्टच्या डोक्याभोवती ओली कडी असेल, तरच दोष बोल्टचा.

ही अक्कल मला दुसऱ्या खेपेला आली. तेव्हा कागदावरचा डाग बोल्टच्या खुणेपासून चांगला हातभर मागे होता. एवढ्या मागे बोल्टचा थेंब जाणारच कसा? वर बघितलं तर एअर फिल्टरच्या डब्याखाली जी छोटी नळी लोंबते, तिचं तोंड ओलं. इंजिनाच्या श्वासाची नळी या डब्यात येते. ऑइल प्रमाणाबाहेर भरलं की क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) ते घुसळतो, त्याचे फवारे श्वासाबरोबर डब्यात येतात, डब्यातून नळीत आणि नळीतून आईच्या ओट्यावर. म्हणजे गळती नव्हतीच, मी जास्तीचं पाजलं होतं. झालं असं, की जुनं ऑइल काढताना गाडी साइड स्टँडवर होती, तेव्हा आत बरंच शिल्लक राहिलं. वर मी लिटरची बाटली आणलेली, ती ‘उरवून काय करायचं’ म्हणून पूर्ण उपडी केली. या इंजिनाला निथळल्यावर लिटरभर लागत नाही. म्हणून तर दुकानात ९०० मिलीची बाटली वेगळी मिळते, आणि तीही शेवटची थोडी राखून, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची कांडी) बघत बघत ओतायची.

डिपस्टिकचंही एक आहे. स्प्लेंडरची डिपस्टिक बघताना ती फिरवून बसवायची नसते; पुसून भोकावर नुसती टेकवायची आणि काढायची. फिरवून बसवली तर ती आणखी खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा वर दिसते आणि आपण कमी भरून मोकळे होतो. गाडी मेन स्टँडवर सरळ, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबून मग बघायचं. वरच्या खुणेच्या वर गेलंच असेल तर बोल्ट पुन्हा उघडू नका. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणि वीतभर नळी आणा, डिपस्टिकच्या भोकातून जास्तीचं ओढून घ्या. पाच मिनिटांचं काम, हातही काळे होत नाहीत.

पहिल्या खेपेचं कारण: वायसर

आता मागे, पहिल्या वेळेकडे येतो. तेव्हा दोष खरंच बोल्टपाशी होता, पण बोल्टचा नव्हता.

बोल्टचे आटे ऑइल अडवतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. ते फक्त ओढून धरतात. अडवतो तो मधला पातळ ॲल्युमिनियमचा वायसर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, आवळल्यावर थोडा चेपतो आणि बोल्टचं डोकं आणि केसिंग यांच्यातले बारीक उंचसखल भाग भरून काढतो. एकदा चेपला की त्याचं काम झालं. तोच पुन्हा घातला तर जुन्या खोबणी नव्या जागी जुळत नाहीत, मग आपण जास्त आवळतो. तिथून सगळं महाभारत सुरू होतं.

तर मी शहाण्यासारखा सियागंजातून नवा वायसर आणला. एका कट चहाच्या पैशात येतो. बोल्टमध्ये घातला, आवळला, तरी सकाळी डाग! दोन आठवडे डोकं खाजवलं. शेवटी ऑइल एका स्वच्छ परातीत काढून गाडीखाली आडवा झालो. भोकाची कड फडक्याने पुसली, टॉर्च धरली. कड गुळगुळीत, काळी, केसिंगचाच भाग वाटावी अशी. नखाने चाचपली तर एका जागी नख अडकलं. केसाएवढी फट. जुना वायसर! बोल्ट काढताना तो बोल्टबरोबर आलाच नव्हता. वर्षानुवर्षांच्या तेलकट मळाने केसिंगलाच चिकटून बसला होता. मी त्याच्यावर दुसरा चढवला होता. एकावर एक दोन वायसर म्हणजे गळायला दोनाच्या जागी तीन सांधे.

तो काढताना स्क्रू ड्रायव्हर लावायचा मोह आवरा. ॲल्युमिनियमच्या बसक्या जागेवर एक उभा ओरखडा गेला की तो कायमचा पन्हळ होतो, मग कितीही नवे वायसर घाला. मी जुन्या चमच्याची लाकडी दांडी तासून तिरपी केली आणि कडेने हळूहळू उचकटला. निघाला तेव्हा त्याच्या एका बाजूला बोल्टच्या डोक्याचा गोल वण, दुसरी बाजू चकचकीत.

वायसर आणायला जाताना जुना बरोबर न्या. बोल्टची जाडी १२ मिलीमीटर आहे, पण ‘बाराचा वायसर’ म्हटलं की दुकानदार लाल फायबरचा, तांब्याचा, कधी लोखंडीही काढून देतो. तांब्याचा चालतो, पण तो कडक असतो. जुना असला तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ पडतो. ॲल्युमिनियमवर तसला प्रयोग नको. मी चार-पाच ॲल्युमिनियमचे एकदमच आणून टूलबॉक्समध्ये टाकलेत.

किती आवळायचं

इथेच लोक चुकतात. मी चुकलो आणि माझ्या आधी एका गॅरेजमधला पोरगाही चुकला. एका पावसाळ्यात ओट्यावर काम जमेना म्हणून गाडी बाहेर दिली होती. त्या पोराने बोल्ट हाताने लावला, पाना अडकवला आणि वर पाय देऊन उभाच राहिला. मी बघत होतो, बोललो नाही. पक्कं करतोय, असंच वाटलं.

हिशोब करून बघा. हा १७ च्या पान्याचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये सुमारे अडीच किलो-मीटर जोराने आवळायचा असतो, म्हणजे साधारण २५ न्यूटन-मीटर. पाना बोल्टपासून २० सेंटिमीटरवर धरला तर हाताचा जोर हवा साडेबारा किलो. पाण्याचा हंडा उचलायला लागतो तेवढासुद्धा नाही. ६५ किलोचा माणूस त्याच जागी पाय देऊन उभा राहिला तर पाचपट. बोल्ट पोलादाचा, घर ॲल्युमिनियमचं. हरणार कोण, ते उघड आहे. त्यातून तो लगेच हरत नाही. आटे थोडे ताणले जातात, पुढच्या वेळी आणखी, आणि जे शेवटचा पाना फिरवतात त्यांच्या हातात येतं.

टॉर्क पाना प्रत्येकाकडे नसतो. माझ्याकडेही नाही. पण प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा आजकाल घरोघरी असतो. रिंग पान्यावर बोल्टच्या मध्यापासून २० सेंटिमीटर मोजून खडूची खूण करायची, काट्याचा हुक तिथे दोरीने बांधायचा आणि पान्याला बरोबर काटकोनात ओढायचं. काटा साडेबारा किलोवर आला की थांबा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा विश्वासच बसेना, इतकं सैल वाटलं. दोन-तीनदा केल्यावर तो अंदाज मनगटात बसतो, मग काटा लागत नाही. नव्या वायसरवर बोल्ट टेकला की पुढे पाव फेरा, साधारण तेवढंच.

आणि त्याआधी: बोल्ट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. दोन फेऱ्यांनंतर अडला तर पान्याने जबरदस्ती करू नका. उलटा फिरवा, ‘टक्’ असा आवाज येऊन आटा जागी बसल्याचं कळतं, मग पुन्हा सरळ. तिरपा चढलेला बोल्ट पान्याने ‘बसवला’ की गेलं काम. गोटी पान्याचा लांब दांडा या बोल्टला वापरूच नये, लहान रिंग पाना उत्तम.

आटे गेले हे कसं ओळखायचं

तिसऱ्या खेपेला बोल्ट आवळताना एका क्षणी हाताला लोण्यासारखं लागलं. घट्ट होत होत अचानक मऊ. मग तो फिरतच राहिला. बाहेर काढला तर आट्यांमध्ये चांदीच्या तारेसारखं एक बारीक वेटोळं अडकलेलं. ते केसिंगचे आटे होते, सोलून बाहेर आलेले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला दाखवलं तर त्याने नुसतं बघून म्हटलं, “चूडी मर गई, भिया.”

यावर जे उपाय सुचवले जातात त्यातले बरेचसे मी ऐकले, काही केलेही. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पट्टी: नको. तिचे तुकडे कातरून आत जातात, ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात, आणि ती जाळी उजवं कव्हर उघडल्याशिवाय साफ होत नाही. एम-सील: तेलकट जागेवर धरत नाही, गाडी घरापर्यंत ढकलत न्यायची वेळ आली असेल तर ठीक. ॲनाबॉन्ड (सांधे बुजवायची पेस्ट) फासणं: झिरपणं काही दिवस दबतं, पण आटेच नाहीत तर बोल्ट धरणार कोण? तो रस्त्यात गळून पडला तर मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल ते वेगळं. ‘जाड ऑइल घाला, गळणार नाही’ हाही सल्ला मिळाला. त्याने गळतीचा वेग कमी होतो, गळती नाही. वर एक धोका: कोणी गाडीचं, म्हणजे मोटारीचं ऑइल दिलं तर या इंजिनात क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि तो घसरू शकतो. बाटलीवर १०डब्ल्यू-३० (ऑइलचा जाडपणा) आणि जासो एमए (ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालतं याची खूण) हे दोन शब्द बघून घ्या, बाकी रंगीत जाहिरात वाचली नाही तरी चालेल.

खरे उपाय तीन. आटे वरवरचेच गेले असतील आणि आत खोलवर शाबूत असतील तर त्याच आट्यांचा थोडा लांब बोल्ट. तो आत कशाला टेकत नाही ना, हे हाताने फिरवून आधी बघायचं. दुसरा, दुकानात ‘ओव्हरसाइज’ म्हणून मिळणारा, स्वतःचे आटे स्वतः पाडत जाणारा जाड बोल्ट. स्वस्त आहे, पण मला तो पटत नाही: तो सरळ जाईलच याची खात्री नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा नाजूकच. तिसरा हेलीकॉइल. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात पोलादी तारेची स्प्रिंग बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे, १२ बाय दीडचे (जाडी १२ मिलीमीटर, दोन आट्यांतलं अंतर दीड) आटे तयार असतात. आपला जुना बोल्ट त्यात तसाच बसतो आणि आता पोलाद पोलादात, म्हणजे पहिल्यापेक्षा मजबूत.

मी पोलोग्राउंडच्या एका लेथवाल्याकडून हेलीकॉइल करून घेतलं. इंजिन उतरवावं लागलं नाही. तुम्ही करून घ्याल तेव्हा शेजारी उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. आटे पाडायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेलं असावं, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस त्यात धरला जातो, आत जात नाही. टॅप सरळ उभा चालतोय ना, दोन बाजूंनी बघा; तिरपं भोक म्हणजे वायसर एकाच कडेला टेकणार आणि गळती परत. आणि स्प्रिंगच्या टोकाला जी छोटी आडवी जीभ असते, ती बसवल्यावर तोडून बाहेर काढायची असते. काढलेली जीभ डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलू नका. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली, भाताच्या शितापेक्षा लहान. आत राहिली असती तर गियरच्या दातांत गेली असती. शेवटी बोल्ट न लावता वरून पाव लिटर स्वस्तातलं ऑइल ओतून वाहू दिलं, खाली पांढरं फडकं धरलं. पहिल्या धारेत दोन-चार चमकणारे कण आले, नंतर स्वच्छ.

केसिंगलाच बोल्टपासून निघालेली तडे-रेघ दिसली तर मात्र हे काहीच करू नका. तिथे ॲल्युमिनियम वेल्डिंगवाला लागतो.

काढलेल्या ऑइलचं

ऑइल कोमट असताना काढा, उकळतं नाही. माझं गणित सोपं आहे: रविवारी पोहे-जिलबी आणायला जाऊन आलो की इंजिन बरोबर तयार असतं, आणि आपलं पोट भरेपर्यंत ते हात लावण्याजोगं होतं. हातमोजे घाला. काळं ऑइल जुन्याच बाटलीत परत भरा, वर मार्करने लिहा, आणि गॅरेजवाल्याकडे द्या, त्यांच्याकडचा पिंप उचलणारा येत असतो. पाण्याच्या बाटलीत चुकूनही नको. शेजारचे नाना दर वेळी दाराच्या चौकटीला वाळवीसाठी म्हणून मागतात. मी देत नाही, ते रागावतात. नातवंडं त्या चौकटीला धरून उभी राहतात. नालीत ओतायचा तर विषयच नको, आपली नाली शेवटी कान्ह नदीतच जाते. ओट्यावर सांडलंच तर लगेच लाकडाचा भुसा पसरून तासाभराने झाडा, नंतर कपड्याचा साबण. पाणी आधी मारलंत तर डाग दुप्पट होतो.

हेलीकॉइलनंतर दोनदा ऑइल बदलून झालं. दर वेळी नवा वायसर, साडेबारा किलो, खाली वर्तमानपत्र. बोल्टच्या खुणेवर कागद कोरा आहे. पण परवा पावडर मारली तेव्हा डावीकडे, गियर लिव्हरच्या शाफ्टपासून खाली एक दोराएवढी ओली रेघ दिसली. सील वीस वर्षांचं, त्याचा दोष नाही. नवं आणून ठेवलंय. लिव्हर काढून, शाफ्टला टोकावर सेलोटेप गुंडाळून (खाचांनी नव्या सीलची ओठाची कड कापू नये म्हणून) ते बाहेरूनच बसवता येतं. या रविवारी, पोह्यांनंतर.